घोडेघुई : आपल्या माळावरचे लॅव्हेंडर — गुण किती, भरवसा किती?



शेतकी विभागाच्या या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांवरच मजकूर असतो. या वेळी एका रानवनस्पतीवर लिहीत आहोत. त्याला कारण आहे. उंद्री गटातील सभासद अलीकडे शेतकी मदतनिसांना दोन प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत. पहिला प्रश्न असा : "खोडवा मोडून लॅव्हेंडर लावावं का? रोपं देणारे लोक गावात येऊन गेले." दुसरा असा : "माळावर उगवते ती घोडेघुईबी लॅव्हेंडरच हाय म्हन्तात. तिच्यानं जंतू मरतात, तं पाला जखमेवर बांधला तं चालते का?"

पहिल्या प्रश्नात सभासदाचा पैसा गुंतलेला आहे. दुसऱ्या प्रश्नात कधीकधी जीव गुंतलेला असतो. 'हो' किंवा 'नाही' एवढे सांगून मोकळे होणे आम्हांस बरे वाटले नाही. या वनस्पतीत खरोखर कोणते गुण आहेत, ते कसे तपासतात आणि तपासणीतून निघालेला निकाल शेतापर्यंत व घरापर्यंत कितपत पोचतो, हे एकदा नीट समजून घेऊ. म्हणजे उद्या दुसरा कोणी दुसऱ्या एखाद्या झाडाचे माहितीपत्रक घेऊन आला, तरी ते कसे वाचावे हे ध्यानात येईल.

१. ही वनस्पती कोणती?

लॅव्हेंडर हे एका झाडाचे नाव नसून एका मोठ्या गोतावळ्याचे नाव आहे. हा गोतावळा तुळशीच्या कुळातला. शास्त्रात याला लॅव्हेंडुला म्हणतात. अत्तर, साबण यांत वापरले जाणारे खरे लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकाठच्या थंड, डोंगराळ मुलखातले आहे. युनानी दुकानात 'उस्तुखुद्दूस' नावाची वाळलेली फुले मिळतात. तेही याच गोतावळ्यातले, पण निराळे झाड.

आपल्याकडे दख्खनच्या मुरमाड, खडकाळ उतारांवर याच गोतावळ्यातली एक वनस्पती आपोआप उगवते. तिचे शास्त्रीय नाव लॅव्हेंडुला बायपिन्नाटा. मराठीत तिला घोडेघुई म्हणतात. पावसाळ्यानंतर ती फुलावर येते आणि हिवाळ्यात दिसते. ओळख अशी : खोड गोल नसून तुळशीसारखे चौकोनी असते. पाने समोरासमोर येतात आणि गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली असतात. शेंड्याला लांब दांड्यावर तुरे येतात आणि त्यांत फिकट निळसर किंवा पांढुरकी, दोन ओठांची फुले लागतात. पान चोळले की उग्र वास येतो.

सह्याद्रीच्या बाजूला तिची एक बहीण आहे, लॅव्हेंडुला गिब्सोनी. हे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून पडले. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे ते १८३८ पासून प्रमुख होते आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्या काळी या उद्यानात सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावून त्यांचे अर्क काढले जात. म्हणजे आपल्या भागातील झाडांकडे औषध म्हणून पाहण्याची रीत काही कालपरवाची नाही.

येथे एक गोष्ट मनात पक्की करावी. घोडेघुई आणि अत्तराचे लॅव्हेंडर एका गोतावळ्यातले असले तरी एक नव्हेत. ज्वारी आणि ऊस दोन्ही गवताच्याच कुळातले, म्हणून ज्वारीचे धांडे कोणी गव्हाणीत टाकत नाही. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल व लिनालिल ॲसिटेट हे मऊ वासाचे घटक मुख्य असतात. घोडेघुईच्या तेलावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाने केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात कार्व्हिऑल, प्युलेगोन, कापूर आणि मेंथॉल हे प्रमुख घटक सापडले. म्हणजे तेलाचा स्वभावच निराळा. याचा परिणाम काय, ते पुढे सांगू.

२. जंतुनाशक गुण म्हणजे काय?

जंतू म्हटले की दवाखाना आठवतो. परंतु ऊस उत्पादकाचे सर्वांत मोठे नुकसान करणारे जंतू त्याच्या स्वतःच्या मोळीत असतात. ऊस तोडला की कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खातात आणि तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. रस बुळबुळीत होतो, गाळणीवर अडतो, पाक घट्ट होतो, दाणा नीट बांधला जात नाही. तोडणी होऊन गाडी जितकी उशिरा पोचेल तितका उतारा घसरतो, याचे हे एक मोठे कारण आहे. जळीत उसात हा प्रकार अधिक होतो. म्हणूनच साखर कारखान्यांत मिलचे पट्टे, गव्हाण आणि रसाच्या नाल्या गरम पाण्याने व वाफेने धुतात आणि जंतुनाशक वापरतात. जंतुनाशक गुण म्हणजे काय, हे समजायला हे उदाहरण पुरे आहे. ज्या पदार्थाने जिवाणू मरतात किंवा त्यांची वाढ थांबते, त्या पदार्थात तो गुण आहे असे म्हणायचे.

आता सुगंधी तेलाने जिवाणू कसे मरतात ते पाहू. प्रत्येक जिवाणूभोवती एक पातळ स्निग्ध पडदा असतो. कार्व्हिऑल, कापूर, लिनालूल यांसारखे घटक तेलकट असल्याने त्या पडद्यात मिसळतात. पडदा सैल पडतो, आतले क्षार व रस बाहेर झिरपतात आणि जिवाणू निकामी होतो. काही जिवाणूंना मात्र या पडद्याबाहेर आणखी एक आवरण असते. पोटाच्या विकारांस कारणीभूत होणारे काही ई-कोलाय आणि जुनाट जखमेत सापडणारे स्यूडोमोनास हे त्यांतले. त्यांच्यावर अशा तेलांचा प्रभाव बहुधा कमी पडतो. म्हणून 'जंतू मारते' हे वाक्य अपुरे आहे. कोणता जंतू, हे विचारलेच पाहिजे.

घोडेघुईच्या तेलाने प्रयोगशाळेत काही जिवाणूंची व बुरशींची वाढ रोखली, असे धारवाडच्या अभ्यासात दिसले. तिच्या सह्याद्रीतल्या बहिणीच्या तेलावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काम केले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात डासांवर परिणाम दिसून आला. तेव्हा गुण आहे, यात शंका नाही. लोकांनी या झाडात काहीतरी आहे असे मानले ते वाया गेले नाही. प्रश्न पुढचा आहे.

३. प्रयोगशाळेत तपासतात कसे?

काचेच्या एका उथळ बशीत आगर घालतात. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेला खळीसारखा पदार्थ. त्यात जिवाणूंचे अन्न मिसळलेले असते. थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर एकाच जातीचे जिवाणू सारखे पसरतात, जसे वाफ्यात बी फोकतात. मधोमध अर्कात भिजविलेली कागदाची लहान चकती ठेवतात आणि बशी माणसाच्या अंगाइतक्या, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस, उबेत रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जिवाणूंचा थर दिसतो. अर्काचा प्रभाव असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण राहते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि शेजारी ठेवलेल्या माहीत असलेल्या औषधाच्या रिंगणाशी ताडून पाहतात.

दुसरी तपासणी मात्रेची. अर्क निम्मा-निम्मा पातळ करीत जातात आणि कोणत्या मात्रेपर्यंत वाढ थांबते ते पाहतात. ही सर्वांत कमी मात्रा फार महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकांत नेमकी तीच गाळलेली असते.

त्या मात्रेचा हिशोब कसा करायचा, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे निव्वळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, एखाद्या झाडाचा अर्क १ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात असला तरच जिवाणू थांबतात. म्हणजे १ लिटरला ५ ग्रॅम झाले. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. तेवढ्या रक्तातच ती मात्रा गाठायची म्हटली तर २५ ग्रॅम अर्क रक्तात उतरला पाहिजे. खाल्लेले सगळे रक्तात उतरत नाही, शिवाय यकृत व मूत्रपिंड ते बाहेर टाकीत राहतात. एवढा अर्क पोटात घेणे शक्य नाही आणि सुरक्षितही नाही. हाच हिशोब बेणेप्रक्रियेच्या ५०० लिटरच्या टाकीला लावला तर अडीच किलो अर्क लागेल. शंभर किलो वाळलेल्या पाल्यातून दहा किलो अर्क निघतो असे धरले, तर त्या एका टाकीसाठी पंचवीस किलो वाळलेला पाला झाला. सबंध माळ उपटावा लागेल!

४. 'अँटिऑक्सिडंट' ही काय चीज आहे?

हा शब्द हल्ली चहापासून तेलापर्यंत सगळ्या पाकिटांवर असतो. त्याचा अर्थ आपल्याला रसवंतीवर रोज दिसतो. उसाचा रस काढला की थोड्याच वेळात काळपट पडू लागतो. रसात फिनॉल जातीचे पदार्थ असतात. हवेतला प्राणवायू आणि रसातले एक विकर यांच्यामुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि रंग गडद होतो. रसवंतीवाला लिंबू पिळतो तो केवळ चवीसाठी नव्हे. लिंबातील आम्ल व क जीवनसत्त्व ही क्रिया मंदावतात. चिरलेले वांगे काळे पडू नये म्हणून घरच्या बाया ते पाण्यात टाकतात, त्याचा हेतूही हवा तोडणे हाच. डब्यातले शेंगदाणा तेल खवट होते, तेही ऑक्सिडीकरणच. ही क्रिया जो पदार्थ स्वतः झीज सोसून रोखतो, तो ऑक्सिडीकरणरोधक, म्हणजेच अँटिऑक्सिडंट.

प्रयोगशाळेत याची एक सोपी तपासणी आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात रोधक पदार्थ मिसळला की जांभळा रंग उतरून पिवळसर होतो. किती अर्काने किती रंग उतरला, यावरून ताकद मोजतात आणि ती क जीवनसत्त्वाशी ताडतात.

तुळशीच्या कुळातील अनेक झाडांच्या पानांत रोझमॅरिनिक आम्लासारखे फिनॉल असतात आणि त्यांत हा गुण चांगला असतो. पण येथे एक खोच आहे. हे फिनॉल वाफेबरोबर उडत नाहीत. झाड भट्टीवर चढवून वाफेने तेल काढले की सुगंधी घटक तेलात जातात आणि हे फिनॉल बहुतांशी खाली पाल्यात व पाण्यात राहतात. काढ्यात ते येतात, तेलात फारसे येत नाहीत. म्हणून 'आमच्या तेलात झाडाचे सगळे गुण उतरले आहेत' असे कोणी म्हटले, तर ते रसायनशास्त्राला धरून नाही.

दुसरे असे की, बाटलीत रंग उतरला म्हणजे माणसाचा रोग उतरला असे होत नाही. हा गुण काही फक्त दूरच्या औषधी झाडांतच आहे असेही नाही. आपल्या गुळातसुद्धा उसाचे काही फिनॉल शिल्लक असतात. पांढरी साखर करताना ते निघून जातात. आवळा, जांभूळ, हिरव्या पालेभाज्या, डाळी यांत ते भरपूर आहेत. अँटिऑक्सिडंटसाठी हजार रुपयांची बाटली घेण्याआधी बांधावरच्या आवळ्याकडे पाहावे.

५. बशीतून जखमेपर्यंत

तोडणीच्या हंगामात कोयत्याने पाय कापणे हा नेहमीचा प्रकार आहे. पाचटाने कापते, वाढे ओढताना हात चिरतो. अशा वेळी पाला चेचून बांधण्याची सवय आपल्याकडे आहे. म्हणून हा भाग प्रत्येक सभासदाने घरात आणि तोडणी टोळीत वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

बशीतला जिवाणू उघड्यावर, एका जातीचा आणि थर देऊन ठेवलेला असतो. जखमेत रक्त, माती, मेलेले मांस आणि अनेक जातींचे जंतू एकत्र असतात. तेल किंवा रस वर लागतो, जंतू खोल असतात. धनुर्वाताचा जंतू तर असा आहे की त्याला हवा चालतच नाही. त्याची बीजे मातीत व शेणात वर्षानुवर्षे पडून राहतात. खोल, बंद जखम मिळाली की तेथे ती रुजतात. माळावरून आणलेला न धुतलेला पाला चेचून वर फडके घट्ट बांधणे म्हणजे बीज पेरून वर माती ओढण्यासारखे आहे. पाल्यातील तेल त्या जंतूला मारील, असे मानून हा धोका पत्करू नये.

जखम झाल्यावर स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने ती चांगली धुवावी. रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने धनुर्वाताची लस घ्यावी. मधुमेह असलेल्या सभासदांनी पायाच्या लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये.

सापाबद्दल तर वेगळेच सांगायला हवे. गुजरातेत घोडेघुईला 'सर्पनो चारो' म्हणतात. नावात साप आहे, म्हणून सर्पदंशावर हे औषध असेल असे कोणाच्याही मनात येईल. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर उपाय एकच, दवाखान्यात मिळणारी सर्पविषाची प्रतिलस. उसाच्या फडात दंश झाला तर दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. माणसाला चालवू नये, धीर द्यावा आणि वाहन काढून थेट दवाखाना गाठावा. पाला शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पोटात घेण्याविषयीही सावध राहावे. घोडेघुईच्या तेलात प्युलेगोन व कापूर आहेत, हे वर सांगितले. प्युलेगोन अधिक मात्रेत यकृताला अपाय करते. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात. म्हणून 'झाडपाल्याचंच तं हाय, अपाय काय होणार' या समजुतीने हे तेल कोणालाही, विशेषतः लेकरांना व गरोदर बायांना, पाजू नये.

खऱ्या लॅव्हेंडर तेलाबद्दल जगात काय मान्य आहे, तेही सांगतो. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने २०१२ मध्ये या तेलाचा पारंपरिक उपयोग मान्य केला तो सौम्य मानसिक ताण व झोप यांसाठी. जंतुसंसर्गावरील औषध म्हणून नव्हे. फ्रान्समध्ये १९१० साली गॅटफॉसे नावाच्या रसायनतज्ज्ञाचे हात प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले आणि त्याने जखमा लॅव्हेंडर तेलाने धुतल्या, ही गोष्ट पुष्कळ माहितीपत्रकांत असते. गोष्ट घडलेली आहे. परंतु तेव्हा प्रतिजैविके निघालेली नव्हती. एका माणसाचा एक अनुभव म्हणजे सिद्ध उपचार नव्हे.

६. उसाच्या रोगावर चालेल का?

काही सभासदांनी हेही विचारले. खोडव्याची वाढ खुंटविणारा एक रोग जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू कांडीच्या आतल्या, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो. टिपरी वरून कितीही अर्कात बुडविली तरी अर्क तेथवर पोचत नाही. म्हणूनच मूलभूत बेण्याला बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया ५४ अंश सेल्सिअसला सुमारे अडीच तास देतात. उष्णता आतपर्यंत शिरते. रोगमुक्त बेणेमळा, दर तीन-चार वर्षांनी बेणेबदल आणि तोडणीचा कोयता निर्जंतुक करणे, याला आज तरी पर्याय नाही. आणि मोळीतल्या ल्युकोनोस्टॉकवर सर्वांत स्वस्त औषध एकच आहे : तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गव्हाणीत पडणे.

७. खोडवा मोडून लॅव्हेंडर लावावे का?

जम्मू भागात डोडा जिल्ह्यातील भद्रवाह येथे लॅव्हेंडरची शेती यशस्वी झाली आहे, हे खरे आहे. २०२२ च्या मे महिन्यात तेथे लॅव्हेंडर महोत्सवही भरला. माहितीपत्रकांत फोटो तेथलेच असतात. पण त्या यशामागे काय आहे ते पाहावे. भद्रवाह समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरच्या आसपास आहे. हिवाळा कडक, उन्हाळा सौम्य, जमीन उताराची व निचऱ्याची. तेथील शेतकऱ्याने लॅव्हेंडर लावले ते मुख्यतः कोरडवाहू मक्याच्या जागी. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेने रोपे दिली, शिकविले आणि तेल काढण्याची भट्टी गावात उभी केली.

आता उंद्रीकडे या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. उसाखालची जमीन बहुतेक काळी, भारी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. खऱ्या लॅव्हेंडरला पाय ओले राहिलेले चालत नाहीत, मुळे कुजतात. आपला हिवाळाही त्याला लागतो तितका थंड नाही. ताज्या फुलोऱ्याच्या शंभर किलोंतून तेल निघते साधारण एक किलोच्या आसपास, तेही कापणीनंतर लगेच भट्टीवर चढविले तर. जवळ भट्टी नसेल तर फुलोरा म्हणजे नुसता कडबा. उसाला निदान काटा आहे, नोंद आहे, ठरलेला दर आहे आणि दर बुडाला तर भांडायला आपलीच वार्षिक सभा आहे.

घोडेघुई लावण्याचे म्हणाल तर ती आपल्या हवेत येते, यात वाद नाही. पण तिच्या तेलाला खऱ्या लॅव्हेंडरचा वास नाही आणि म्हणून अत्तराच्या बाजारात त्याचा भावही नाही. 'लॅव्हेंडर' या एका शब्दाखाली एकीचा भाव सांगून दुसरीचे रोप विकले जाऊ शकते. सभासदांनी येथेच जपावे.

तरीही कोणाला प्रयोग करायचाच असेल, तर तो हौसेने, पडीक मुरमाड तुकड्यावर, दोन-चार गुंठ्यांत करावा. त्याआधी रोपे देणाऱ्यास पुढील गोष्टी विचाराव्यात :

(१) रोपाचे पूर्ण शास्त्रीय नाव व वाण पावतीवर लिहून द्याल का?
(२) आमच्यासारख्या जमिनीत व हवेत तीन वर्षे टिकलेले शेत दाखवाल का?
(३) तेल काढण्याची भट्टी किती कोसांवर आहे आणि ती कोणाची?
(४) तेलाची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत होईल व खर्च कोणी करायचा?
(५) खरेदीचा करार स्टॅम्पपेपरवर आहे का? त्यात दर आहे का, आणि माल न उचलल्यास भरपाई लिहिली आहे का?
(६) रोपांचे पैसे आगाऊ मागता, तर निम्मे पहिल्या खरेदीतून कापून घ्याल का?

या सहांपैकी शेवटच्या प्रश्नावर चहा न घेताच उठून जाणारे लोक जास्त, असा आमचा अंदाज आहे.

८. मग घोडेघुईचे करायचे काय?

तिला आहे तेथे राहू द्यावे. माळावर, बांधावर, ई-क्लास जमिनीवर ती फुलली की मधमाश्यांना चारा मिळतो आणि त्याच मधमाश्या आपल्या तुरीवर, सूर्यफुलावर व कांद्याच्या बियाण्यावर येतात. कोणी व्यापारी गोणीने पाला मागू लागला म्हणून मुळासकट उपटून देऊ नये. ती बियांवर जगणारी वनस्पती आहे. फुलोऱ्यात उपटली तर पुढच्या वर्षीचे बी पडत नाही. व्यापारासाठी रानातील वनस्पती गोळा करण्यावर जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये नियम आहेत आणि राज्याचे जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपल्या गावच्या नोंदवहीत घोडेघुईचे नाव, ती कोठे उगवते, गावातील जुनी माणसे तिला काय म्हणतात व कशासाठी वापरीत, हे लिहून घ्यावे. शाळेतल्या मुलांना हे काम आवडीने करता येईल. उद्या कोणी संशोधक या झाडातून खरोखर काही शोधून काढील, तर आपल्या गावाचे ज्ञान कागदावर असलेले बरे.

शेवटी, सारांश असा. घोडेघुईत जंतुनाशक घटक आहेत, हे प्रयोगशाळेने दाखविले आहे. तिच्या कुळातील झाडांच्या पाल्यात ऑक्सिडीकरण रोखणारे घटक असतात. पण बशी म्हणजे जखम नव्हे, बाटली म्हणजे शरीर नव्हे आणि भद्रवाह म्हणजे उंद्री नव्हे. झाडाचा मान ठेवावा. औषधासाठी डॉक्टरांकडे जावे, आणि कोणाच्या माहितीपत्रकावरून उभा खोडवा मोडू नये. लागवड बदलण्याचा विचार असलेल्या सभासदांनी गट कार्यालयात यावे. सोबत सातबारा, माती परीक्षणाचा कागद आणि समोरच्याने दिलेले माहितीपत्रक आणावे. आपण मिळून ते ओळीओळीने वाचू आणि मग काय ते ठरवू.

जय किसान! जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग